बदनामीचे नुकसान कुठे होते आणि त्यावर काय करता येते

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोरेगाव तालुक्यातील एका गावातील एक ताई महिला बचत गटाच्या सचिव आहेत. दिवाळीनंतर गावात कुजबुज सुरू झाली की त्यांनी गटाचे पैसे खाल्ले आणि बँकेतील एका अधिकाऱ्याशी त्यांचे संबंध आहेत, म्हणूनच गटाचे कर्ज लवकर मंजूर झाले. तोंडावर कोणीच काही बोलत नाही. दोन महिन्यांत गटातील चौघींनी बचत भरणे थांबवले. मुलीला पाहायला येणार असलेल्या मंडळींनी पत्रिका जमत नाही असा निरोप पाठवला. यजमान म्हणतात, "लोक बोलतात, सोडून द्या, चार दिवसांत विसरतील." मुलगी म्हणते, सचिवपदच सोडून दे. ताईंनी विचारले आहे की खरोखर काही नुकसान झाले आहे की आपणच मनाला लावून घेत आहोत, आणि कोर्टात जावे का.

ताई, मी साताऱ्यात २६ वर्षे वकिली करते आहे आणि अब्रूनुकसानीची प्रकरणे दोन्ही बाजूंनी चालवली आहेत. म्हणजे ज्यांच्यावर चिखल उडाला त्यांच्या बाजूने, आणि ज्यांनी तो उडवल्याचा आरोप होता त्यांच्याही बाजूने. त्या अनुभवावरून पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ देते. नुकसान झाले आहे, ते तुमच्या मनाचे खेळ नाहीत, आणि ते अजून चालू आहे.

ते तुम्हाला नीट दाखवता येत नाही, याचे कारण बदनामीच्या स्वभावातच आहे. चोरी झाली तर कपाट उघडे दिसते, मारहाण झाली तर वळ दिसतो. बदनामीत जे जाते ते न आलेल्या बोलावण्यांत आणि न झालेल्या व्यवहारांत जाते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या आळीतून हाक येत नाही. एसटीच्या थांब्यावर चार बायका बोलत उभ्या असतात आणि तुम्ही पोचताच विषय भाजीच्या दरावर जातो. दुकानदार उधारीची वही बाहेर काढत नाही. मुलीच्या स्थळाचे तर सर्वांत अवघड, कारण नकाराचे खरे कारण कोणीही सांगत नाही. "तुमच्या घराबद्दल असे असे ऐकले, म्हणून नको," असे मुलाकडच्यांनी स्पष्ट कळवल्याचे एकही प्रकरण माझ्यासमोर आलेले नाही. कारण दर वेळी पत्रिकेचे, नाहीतर मुलाला एवढ्यात करायचे नाही याचे. त्यामुळे ज्याचे नुकसान झाले तोच शंकेत राहतो की हे खरोखर त्या बोलण्यामुळे झाले की सहज झाले, आणि ही शंका माणसाला आतून पोखरते.

एक प्रकरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. जिल्ह्यातील एका गावात एक जोडपे दूध संकलन केंद्र चालवत होते. केंद्र आपल्याला मिळावे अशी इच्छा असलेल्या भावकीतल्या एका माणसाने पारावर कंडी पिकवली की यांनी दुधातील फॅट मोजण्याच्या मशीनमध्ये फेरफार केला आहे. त्या बाईंची सवय अशी की सकाळ-संध्याकाळ एकूण किती लिटर दूध आले ते त्या शाळेच्या दोनशे पानी वहीत पेन्सिलीने लिहीत. पुढे माझ्या टेबलावर ती वही आली तेव्हा मी ती पानोपान पाहिली. दसऱ्याच्या आठवड्यात सकाळचे आकडे दोनशेच्या वर होते. दिवाळीत एकशे सत्तर. मग एकशे चाळीस, एकशे पंचवीस, आणि माघात चाळीस. मधे एका पानावर आकड्यासमोर त्यांनी बारीक अक्षरात लिहिले होते, "वहिनी पण नाही आल्या." ही वहिनी म्हणजे त्यांची सख्खी जाऊ. कोणीही येऊन भांडले नव्हते, कोणी तक्रार दिली नव्हती. एकेक घर दुसरीकडे दूध घालू लागले, एवढेच.

त्या प्रकरणातील दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. मशीन तपासले गेले, बरोबर निघाले, आणि तसे सर्वांना सांगण्यातही आले. तरी गेलेली घरे परत आली नाहीत. कारण तोवर त्या घरांनी ऐकीव गोष्टीवर विसंबून एक कृती केली होती, वर्षानुवर्षांचा संबंध तोडला होता, आणि परत येणे म्हणजे आपण शहानिशा न करता वागलो हे चारचौघांत कबूल करणे होते. त्यापेक्षा "मशीन तपासायच्या आदल्या रात्री नीट करून ठेवले असेल" असे म्हणणे सोपे होते. एकदा माणूस अफवेवर विसंबून वागला की ती अफवा खरी असण्यात त्याचा स्वतःचा हितसंबंध तयार होतो. "चार दिवसांत विसरतील" हे तुमच्या यजमानांचे म्हणणे मला म्हणूनच पटत नाही. ज्यांनी नुसते ऐकले ते विसरतीलही, पण ज्या चौघींनी बचत थांबवली त्या विसरणार नाहीत, आणि दर महिन्याला अशी एखादी वाढत जाईल. यजमानांचा हेतू चांगला आहे, त्यांना तुमचा त्रास कमी करायचा आहे, पण या बाबतीत थांबणे म्हणजे समोरच्याला मुदतवाढ देणे आहे.

आता तुमच्या प्रकरणातील मूळ गाठ पाहू. तुमच्यावर एक आरोप नाही, दोन आहेत, आणि ते मुद्दाम एकमेकांत पिळलेले आहेत. ऑलपोर्ट आणि पोस्टमन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९४० च्या दशकात असे मांडले की अफवेचा जोर दोन गोष्टींच्या गुणाकाराइतका असतो: विषय ऐकणाऱ्याला किती महत्त्वाचा आहे आणि त्यातील माहिती किती संदिग्ध आहे. गुणाकार असल्यामुळे दोहोंपैकी एक शून्य झाले तरी अफवा मरते. बायकांनी पोटाला चिमटा घेऊन साठवलेला पैसा हा विषय त्यांना महत्त्वाचा वाटणारच, तो तुम्ही कमी करू शकत नाही आणि करूही नये. पण संदिग्धता कमी करणे पूर्णपणे तुमच्या हातात आहे. गटाचे इतिवृत्त, बचत व कर्जाच्या नोंदी, अद्ययावत भरून आणलेले बँक पासबुक, प्रत्येक कर्ज कोणाला, किती, कोणत्या बैठकीतील ठरावाने, हे सारे मांडता येते. ही बैठक तुम्ही स्वतः मागावी आणि ती ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातील बचत गटांच्या संघाच्या, पदाधिकाऱ्यांसमोर व्हावी. गटाच्या खात्यावर व्यवहार करण्यासाठी ज्यांच्या सह्या लागतात त्या सर्व जणी तिथे हजर असाव्यात, कारण सचिवाच्या एकटीच्या सहीने पैसे निघतच नसतील तर ही एक गोष्ट निम्मा आरोप निकाली काढते. ज्या चौघी थांबल्या आहेत त्यांना नुसता निरोप न पाठवता घरी जाऊन बोलवा. हिशेब मागणाऱ्या बाईवर मात्र रागावू नका. हिशेब मागणे ही बदनामी नव्हे, तो सभासदाचा हक्क आहे, आणि सद्भावनेने योग्य अधिकाऱ्याकडे केलेल्या तक्रारीला कायदाही बदनामीतून वगळतो. नोंदीत कुठे चूक सापडली, एखादी पावती हरवली असली, तर ती बैठकीत तुम्ही आधी सांगा. दुसऱ्या कोणी शोधून काढण्याची वाट पाहू नका.

दुसऱ्या आरोपाचे तसे नाही. पैशाचा आरोप वहीने खोडता येतो. चारित्र्याच्या आरोपाला वही नसते. म्हणूनच तो पहिल्याला जोडला जातो. हिशेब चोख निघाला तरी "हिशेब काय, बँकेतला माणूसच तिचा" असे म्हणायला जागा राहते. पैशाच्या व्यवहारात असलेल्या पुरुषाविरुद्ध अफवा उठते तेव्हा ती सहसा पैशाचीच असते. बाईविरुद्ध उठली की तिच्यात पुरुष आणला जातो, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता मी त्याची वाटच पाहते. माझा सल्ला या बाबतीत कडक आहे. चारित्र्याचा पुरावा कोणालाही देऊ नका. सासरच्यांना नाही, भावकीला नाही, गटाला नाही. कोणी "देवळात चल आणि भंडारा उचल" म्हणाले तरी जाऊ नका. आपल्या भागात बेल-भंडारा उचलून शपथ घेण्याची रीत जुनी आहे आणि अनेक बाया "एकदा उचलते, म्हणजे मिटेल" म्हणून तयार होतात. ते मिटत नाही. पुढच्या वर्षी त्या घरात एखादे आजारपण आले, म्हैस दगावली, की तेच लोक म्हणतात, खोटा भंडारा उचलला होता. ज्याने आरोप केला, सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर आहे. ते आपल्या डोक्यावर घेऊ नका.

ही गोष्ट किती दूर जाऊ शकते हे आपल्या सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांना नवे नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात लवंगा गावी, पंढरपूरकडे निघालेल्या उत्तर प्रदेशातील चार साधूंना मुले पळवणारी टोळी समजून काठ्यांनी मारहाण झाली. त्यांनी एका मुलाला वाट विचारली होती, एवढेच निमित्त. अमकी करणी करते, तमक्याच्या नजरेने जनावराचे दूध आटते, ही गावातली कुजबुजही याच जातीची, आणि ती बहुतेक वेळा एकट्या किंवा विधवा बाईभोवती फिरते. अशा आरोपाने एखाद्याचे जगणे मुश्कील करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडून अखेर प्राण गमावले तो हाच कायदा. तुमच्या प्रकरणात त्याचा संबंध नाही, पण उद्या कोणी असे काही जोडले तर ती बाब वेगळी आणि अधिक गंभीर होते, हे लक्षात असू द्या.

आता कोर्टाविषयी. बदनामी हा गुन्हाही आहे आणि नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्याचे कारणही. १ जुलै २०२४ पासून गुन्ह्याची तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. त्याआधी ती भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ आणि ५०० मध्ये होती. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, आणि नव्या संहितेत समाजसेवेचीही शिक्षा देता येते. तुमची पत, हाच शब्द योग्य आहे, कमी करणारे बोलणेही या व्याख्येत येते, आणि बचत गटाच्या सचिवाची सारी पुंजी म्हणजे तिची पत. २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी बदनामीची तरतूद वैध ठरवली आणि माणसाची प्रतिष्ठा हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

पोलीस ठाण्यात गेलात तर तुम्हाला बहुधा अदखलपात्र नोंदीची प्रत हातात देऊन कोर्टात जायला सांगतील. त्याने निराश होऊ नका. हा गुन्हा अदखलपात्रच आहे, म्हणजे पोलीस त्यात स्वतःहून तपास करत नाहीत, आणि खासगी तक्रार थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, ती देखील बाधित व्यक्तीनेच, करायची असते. स्त्रीच्या विनयभंगाच्या हेतूने उच्चारलेल्या शब्दांसाठी त्याच संहितेचे कलम ७९ आहे आणि तिथे पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात, पण ते शब्द तुमच्या कानी पडावेत असा बोलणाऱ्याचा हेतू असावा लागतो. पाठीमागे केलेली कुजबुज त्यात सहसा बसत नाही. मुदतींकडे मात्र आजच लक्ष द्या. फौजदारी तक्रारीसाठी तीन वर्षे आहेत, पण भरपाईच्या दिवाणी दाव्याला फक्त एक वर्ष. "बघू, पुढच्या वर्षी लग्नकार्य उरकल्यावर" असे म्हणून अनेकांचा दिवाणी हक्क बुडाल्याचे मी पाहिले आहे.

खरी अडचण पुराव्याची आहे, आणि ती जरा समजावून सांगायला हवी. तुम्हाला जे कळले ते तिसऱ्या-चौथ्या कानातून कळले आहे. "मला शालनने सांगितले की तिला तिच्या नणंदेने सांगितले" हे कोर्टात ऐकीव ठरते. कायद्याला पहिला कान हवा असतो, म्हणजे ज्या बाईसमोर ते शब्द प्रत्यक्ष उच्चारले गेले ती बाई, आणि कुजबुजीत नेमका तोच कान मागे लपतो. म्हणून आत्तापासून एक वही घाला. कोणी, कोणत्या तारखेला, कुठे, कोणासमोर, नेमके कोणते शब्द वापरले, हे कळेल तसे त्याच दिवशी लिहून ठेवा. शब्द जसेच्या तसे लिहा, शिवी असली तरी. शेजारच्या पानावर न घडलेल्या गोष्टी लिहा: बचत थांबवणाऱ्या सभासदांची नावे व तारखा, स्थळाचा निरोप कोणामार्फत आला, कोणते बोलावणे आले नाही. मग त्या साखळीत मागे मागे जात पहिल्या कानापर्यंत पोचा. भांडायला जाऊ नका. एकच प्रश्न विचारा: "हे तुमच्यासमोर कोण बोलले?" माझा अनुभव आहे की या प्रश्नाने दहातल्या बऱ्याच जणी गडबडतात आणि त्यानंतर ती गोष्ट पुढे सांगणे थांबवतात, कारण आता आपले नाव साखळीत येते हे त्यांना कळते.

व्हॉट्सॲपवर काही फिरत असेल तर ते तुमच्या दृष्टीने अधिक सोपे आहे. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. ज्या फोनवर तो संदेश आला तो फोन जपून ठेवा, बदलू नका, रीसेट करू नका, चॅट पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, ते वकील करून घेतील. "मी काही लिहिले नाही, आले तसे पुढे पाठवले" हा बचाव चालत नाही; पुढे पाठवणे म्हणजे पुन्हा प्रसिद्ध करणेच.

तुम्ही कोर्टात जावे का, याचे उत्तर मी टप्प्याने देईन, आणि पहिला टप्पा कोर्ट नाही. आधी हिशेबाची बैठक. मग पहिला कान सापडल्यावर, ज्या व्यक्तीने हे सुरू केले तिला पोचपावतीसह टपालाने वकिलाची नोटीस. बऱ्याच वेळा घरात नोटीस येताच तिथली वडीलधारी मंडळी मधे पडतात आणि बोलणे थांबते. त्यानंतरही चालूच राहिले, किंवा लेखी, व्हॉट्सॲपवर झाले, तर तक्रार आणि दावा. याची किंमतही तुम्हाला माहीत असायला हवी. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून तेच शब्द तुम्हाला स्वतःच्या तोंडाने सांगावे लागतील आणि समोरचा वकील त्यांवर प्रश्न विचारील. प्रकरण वर्षानुवर्षे चालू शकते. खर्चाविषयी: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो, पण बदनामीच्या प्रकरणासाठी ही मदत मिळते का, हे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे आधी विचारून घ्या.

तडजोड झाली तर एका गोष्टीवर अडून बसा. त्या दूध केंद्राच्या प्रकरणात सहा वर्षांनी समोरच्याने लेखी माफी मागितली आणि तडजोड झाली. ती माफी कोर्टाच्या खोलीत वाचली गेली तेव्हा तिथे न्यायाधीश, लिपिक, आम्ही दोघे वकील, ते जोडपे आणि तो माणूस होतो. ज्या पारावर आरोप झाला होता तिथे ती कधीच पोचली नाही. तेव्हा मी तो आग्रह धरला नाही, ही माझी चूक होती, आणि केंद्र पुन्हा सुरू झाले नाही याचे मला आजही वाईट वाटते. त्यानंतर प्रत्येक तडजोडीत मी अट घालते की ज्या ठिकाणी, ज्या लोकांसमोर बोलले गेले, तिथेच आणि त्यांच्यासमोरच माफी मागितली जावी. गटात बोलले असेल तर गटाच्या बैठकीत आणि इतिवृत्तात नोंद करून, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर असेल तर त्याच ग्रुपवर.

एक शेवटची काळजी. तुम्ही लिहिले आहे की झोप लागत नाही आणि कधी कधी "नको हे जगणे" असे वाटते. हे कोणापाशी तरी बोलाच. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे, मराठीतून बोलता येते, नाव सांगावे लागत नाही. यजमानांनाही हे वाक्य जसेच्या तसे सांगा. ते "सोडून द्या" म्हणतात तेव्हा त्यांना हे माहीत नसावे.

मुलीच्या म्हणण्याविषयी: सचिवपदाचा राजीनामा आत्ता देऊ नका. बैठकीआधीचा राजीनामा गावात कबुली म्हणूनच वाचला जाईल. बैठक होऊ द्या, हिशेब मंजूर झाल्याचा ठराव इतिवृत्तात लिहिला जाऊ द्या, त्याखाली हजर असलेल्या सर्व जणींच्या, त्या चौघी आल्या तर त्यांच्याही, सह्या किंवा अंगठे घ्या, आणि त्या पानाची एक प्रत त्याच दिवशी ग्रामसंघाकडे देऊन पोच घ्या. त्यानंतर पद ठेवायचे की सोडायचे हे तुम्ही आणि मुलीने बसून ठरवा.